नांगरावरील नौकाजीवन

शिडाच्या नौकेत राहून दूरचा प्रवास करणाऱ्यांचा उष्ण कटिबंधातील बंदरांतील दिनक्रम. कर्नाटकातील काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते, गणेशगुडीच्या सुपा धरणातून पुढे येते आणि सदाशिवगड व कारवार यांच्यामध्ये अरबी समुद्राला मिळते. डोंगर व बेटांच्या आडोशाचे हे मुख नांगरावरचे जीवन समजून घेण्यास उत्तम जागा आहे.

दिवस वाऱ्यावर बेततात. पहाटे मतलई वारा असतो, दुपारी खारा वारा उठतो. त्यामुळे डोलकाठीवरची कामे, शिडांची शिवण आणि छोट्या होडीतून बाजारहाट सकाळीच उरकावी लागते. नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडतात, आणि खोली मोजताना भरतीची धरतात. नदीमुखात एक अडचण वेगळीच: ओहोटीचा ओढा जोरदार असला की नौका वाऱ्याकडे तोंड न करता प्रवाहाकडे करते, आणि दर भरती-ओहोटीला फिरते. शेजारच्या नौकेपासूनचे अंतर म्हणूनच सढळ हाताने ठेवावे. रात्री किनाऱ्यावरच्या दोन दिव्यांची रेषा पाहून नांगर घसरला का, हे ताडतात.

गोडे पाणी जपून वापरतात. भांडी खाऱ्या पाण्यात घासून शेवटी गोड्याने विसळतात. पावसाळ्यात कारवारचा हा किनारा शिडाच्या लहान नौकांना वर्ज्यच.

असाच दूरचा प्रवास दिलीप दोंदे यांनी केला: गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून त्यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांचे चार मुक्काम फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ले व केपटाऊन येथे झाले.