नंबर कुणाचा, रंग कुणाचा?

फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटर उघडलं की एका बाजूला रंगीत चौकोनांचं पॅनल दिसतं, तेच स्वॉच पॅनल. बरेच जण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आयड्रॉपरने रंग उचलतात आणि पुढे जातात. पण मंडळी, त्या चौकोनांमागे मोठं रामायण आहे!

छपाईतलं दुखणं जुनंच. गिऱ्हाइकाने 'अमुक लाल' म्हणायचं, छापखान्याने आपल्या अंदाजाने शाई कालवायची, आणि दोन ठिकाणांहून छापून आलेली एकाच मालाची खोकी शेजारी ठेवली की एक लाल, दुसरं विटकरी. १९५६ साली लॉरेन्स हर्बर्ट एम अँड जे लेव्हिन या कंपनीत नोकरीला लागला. १९६२ मध्ये त्याने ती विकतच घेतली, नाव ठेवलं पॅन्टोन, आणि १९६३ मध्ये पंख्यासारखं उघडणारं शेड कार्ड काढलं. प्रत्येक रंगाला नंबर, आणि त्याखाली कुठली मूळ शाई किती भाग घ्यायची याची पाककृती. हर्बर्टने नवीन रंग शोधला नाही हो, रंगांना पत्ते दिले. मग लोक पत्त्यावरच विसंबू लागले. २००३ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेच्या समितीने झेंड्याच्या निळ्यासाठी 'पॅन्टोन ३००' सुचवला. एका देशाचा झेंडा आणि खासगी कंपनीचा नंबर! आपल्या तिरंग्याचं मानक बघा (आयएस १, म्हणजे मानक क्रमांक एकच): त्याच्या १९६८ च्या आवृत्तीत रंग वर्णमापनाच्या आकड्यांत दिलेत. ते आकडे कुणालाही मोजता येतात, लायसन्स लागत नाही.

पुढे डिझाइनचं काम कॉम्प्युटरवर आलं आणि हे नंबर स्वॉच लायब्ररी बनून सॉफ्टवेअरमध्ये शिरले. आता आपल्या भाषेत सांगतो. पिक्सेलमध्ये रंगवून टाकलेला रंग म्हणजे व्हॅल्यूची कॉपी. लायब्ररीतला स्वॉच म्हणजे पॉइंटर. पॉइंटरचे फायदे भरपूर: इलस्ट्रेटरमध्ये ग्लोबल स्वॉच एकदा बदलला की पन्नास ठिकाणचा रंग एका क्लिकमध्ये बदलतो, आणि स्पॉट कलर असेल तर छापखान्यात त्याची वेगळी प्लेट निघते. म्हणून शहाणा डिझायनर लोगोत नेहमी नंबरच वापरायचा.

आणि २०२२ मध्ये नेमका शहाणाच अडकला. अडोबी आणि पॅन्टोन यांचं लायसन्सवरून फाटलं. त्या वर्षीच्या ऑगस्टनंतरच्या अपडेट्समधून बहुतेक पॅन्टोन लायब्ऱ्या गायब झाल्या. फोटोशॉपमध्ये जुनी फाइल उघडली की पॅन्टोनच्या नंबरावर टेकलेले भाग काळे! सोबत निरोप: लायसन्स बदललं, म्हणून रंग काढून काळा घातलाय. रंग परत हवे असतील तर पॅन्टोनचं वेगळं सबस्क्रिप्शन घ्या, तेव्हा अमेरिकेत महिना १५ डॉलर. पिक्सेलमध्ये रंगवलेलं चित्र मात्र शाबूत. कॉपी जगली, पॉइंटर मेला.

पॅन्टोनची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं, अडोबीतल्या लायब्ऱ्या २०१० पासून अद्ययावतच केलेल्या नाहीत. असेलही. नव्या कामाला नवे पैसे मागा, कुणी नाही म्हणत नाही. पण मी चार वर्षांपूर्वी पूर्ण केलेलं काम आज उघडल्यावर काळं दिसावं, हे मला पटत नाही. घर बांधून झाल्यावर विटावाला दर महिन्याला भाडं मागायला येत नाही.

यातून पळवाटाही निघाल्याच. ब्रिटिश चित्रकार स्टुअर्ट सेम्पलने १,२८० रंगांची 'फ्रीटोन' नावाची फुकट लायब्ररी काढली. (आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरने व्हँटाब्लॅकचा कलेसाठीचा वापर २०१६ मध्ये एकट्यासाठी राखून घेतला, तेव्हा 'हा माझा गुलाबी सगळ्यांना मिळेल, कपूर सोडून' म्हणणारा तोच हा गृहस्थ!) स्वॉच एएसई फाइलमध्ये काढून ठेवणं हाही उपाय. ती हेक्स एडिटरमध्ये उघडून बघाच एकदा: सुरुवातीला 'एएसईएफ' ही चार अक्षरं, मग प्रत्येक स्वॉचचं नाव आणि त्याच्या शेजारीच रंगाचे आकडे. म्हणजे पॉइंटर आणि व्हॅल्यू, दोन्ही.

आणि सगळ्यात देशी जुगाड म्हणजे, ज्यांच्याकडे जुनं फोटोशॉप होतं त्यांनी त्याच्या फोल्डरमधल्या एसीबी फाइली, म्हणजे रंगांची ती मूळ पुस्तकं, उचलून नव्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये टाकल्या. चौकोन पुन्हा रंगीत झाले.