पाहुण्या प्रेक्षकांची परवड

फुटबॉलच्या खेळात एका पक्षास यजमान व दुसऱ्यास पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. यजमान संघ आपल्या गावच्या मैदानावर खेळतो, पाहुणा संघ परगावाहून येतो. आणि त्याच्या मागोमाग त्याचे पाठीराखेही येतात. शब्द मोठे गोड आहेत. 'पाहुणा' म्हटले की हातपाय धुण्यास पाणी, बसावयास पाट आणि घरधन्याचे दोन आपुलकीचे शब्द ही सारी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु हा खेळ आजच्या रूपाने ज्या देशात जन्मास आला त्या इंग्लंडातील गेल्या दीडशे वर्षांचा वृत्तांत चाळला, तर असे आढळते की, पाहुण्या खेळाडूंचे आतिथ्य झाले असेल, पण त्यांच्या मागून आलेल्या प्रेक्षकांस कधी गिऱ्हाईक समजण्यात आले, कधी दंगेखोर समजण्यात आले; पाहुणा मात्र क्वचितच समजण्यात आले. त्यांनी कोणत्या गाडीने यावे, तिकिटास काय मोजावे, कोणत्या दाराने आत शिरावे व कोठे उभे राहावे हे सर्व इतरांनी ठरवावे, आणि ठरविताना त्यांस एका शब्दानेही विचारू नये, ही रीत तेथे फार दिवस चालत आली. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि या अनास्थेची किंमत अनेकांनी आपल्या प्राणांनी दिलेली आहे. म्हणून तो विचारात घेण्याजोगा आहे.

या पाहुण्याचा जन्म दोन गोष्टींमुळे झाला: शनिवारची अर्धी सुटी आणि आगगाडी. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविण्याचे ठरले. आणि त्यांच्यावाचून यंत्रे चालणे कठीण असल्यामुळे हळूहळू पुरुषांसही ती दुपार मोकळी मिळाली. दुसरीकडे, १८४१ साली टॉमस कुकने लेस्टरहून लफबरोपर्यंत एक शिलिंगात शेकडो माणसे नेऊन आणून स्वस्त सहलीच्या गाडीचा नमुना घालून दिला होता. आणि १८४४ च्या कायद्याने प्रत्येक मार्गावर मैलाला एक पेनी दराची निदान एक तरी गाडी रोज सोडण्याचे बंधन रेल्वेकंपन्यांवर आले. पुढे १८८८ साली बारा क्लबांनी मिळून 'फुटबॉल लीग' स्थापन केली. या बारांपैकी सहा लँकेशायरचे व सहा मध्य इंग्लंडचे होते. ज्या भागात गिरण्या व कारखाने दाट आणि रूळही दाट, तेथेच हा खेळ नियमित वेळापत्रकावर चढू शकला. संघ दर शनिवारी परगावी जाऊन रात्री घरी परतू शकतो, ही खात्री त्यास आगगाडीने दिली. लीगचे वेळापत्रक हे रेल्वेच्या वेळापत्रकाचे अपत्य होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सामान्य मजुरास दर पंधरवड्यास परगावी जाणे अर्थातच परवडत नसे. तो जवळच्या गावी जाई, आणि वर्षाकाठी एखादी मोठी यात्रा करी. ती म्हणजे 'कप' स्पर्धेच्या अंतिम सामन्याची. आपल्याकडे आषाढीची वारी जशी वर्षभर मनात असते, तशी ही लंडनची वारी उत्तरेकडील गिरणगावांत मनात असे. कित्येक ठिकाणी कामगार आठवड्यास थोडे थोडे पैसे बाजूस टाकून त्यासाठी मंडळे चालवीत. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने जुन्या ईटनकरांच्या उमराव संघास अंतिम सामन्यात २–१ असे हरविले, आणि त्यानंतर उत्तरेच्या लोकांचे लोंढे दरसाल राजधानीत येऊ लागले. त्यांची बोली, त्यांच्या टोप्या, त्यांनी बरोबर आणलेल्या शिदोऱ्या यांची राजधानीतील काही वृत्तपत्रांनी थट्टा केली. पाहुण्याविषयीच्या तिरस्काराचा हा पहिला अंक होय.

व्यवस्थेच्या अभावाचा पहिला ठळक दाखला १९०१ सालचा आहे. त्या वर्षीचा अंतिम सामना लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर टॉटनम हॉट्स्पर व शेफील्ड युनायटेड यांच्यात झाला आणि तो पाहण्यास एक लाख दहा हजारांहून अधिक लोक जमले. सामना २–२ असा बरोबरीत सुटला. म्हणून आठवड्याने तो लँकेशायरमधील बोल्टनच्या बर्नडेन पार्क मैदानावर पुन्हा खेळविण्याचे ठरले. पण बोल्टनच्या स्थानकाचे बांधकाम चालू होते, आणि त्या कारणास्तव लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने सवलतीची तिकिटे देण्याचे नाकारले. परिणाम असा झाला की, आठवड्यापूर्वी जेथे लाखावर माणूस होते, तेथे २०,४७० जण आले. विसाव्या शतकातील कोणत्याही अंतिम सामन्यास याहून कमी गर्दी झाली नाही. गावातील दुकानदारांनी मोठ्या आशेने मांसाचे सारण भरून भाजलेल्या, आपल्या कचोरीच्या दूरच्या नात्यातल्या, 'पाय' नावाच्या पदार्थाच्या राशी करून ठेविल्या होत्या. त्या तशाच पडून राहिल्या. म्हणून बोल्टनकर त्या दिवसास पुढे 'पाय शनिवार' म्हणू लागले. गोष्ट हसण्यासारखी आहे खरी. परंतु तीत एक सत्य स्पष्ट झाले: टॉटनमने ३–१ असा विजय मिळवून कप नेला, तो पाहण्याची इच्छा असलेल्या हजारो लंडनकरांचे भवितव्य खेळाच्या चालकांनी नव्हे, तर एका रेल्वेकंपनीच्या भाड्याच्या पत्रकाने ठरविले, आणि मैदान निवडताना तेथपर्यंत माणसे कशी पोहोचतील हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही.

या चुकीचे दुसरे टोक १९२३ साली दिसले. वेंब्लीच्या नव्या मैदानावरील पहिल्या अंतिम सामन्यास आगाऊ तिकिटांची सक्ती नव्हती. दारातून मोजून आत गेलेले १,२६,०४७ होते. पण भिंती व फाटके ओलांडून शिरलेल्यांची गणती कोणी करावी? सगळे मिळून दोन लाखांच्या आसपास लोक आत होते असा अंदाज बांधला जातो. खेळाच्या हिरवळीवरच माणसे उभी होती, आणि पोलिसांच्या घोडेस्वारांनी ती हळूहळू मागे सारल्यावर सामना सुरू झाला. त्यानंतर अंतिम सामना आगाऊ तिकिटांवरच होऊ लागला. उपाय योग्य होता. पण त्यातून नवे दुखणे निघाले. तिकिटांचा मोठा भाग प्रांतोप्रांतीच्या फुटबॉलसंस्था व इतर क्लब यांच्याकडे जाई. ज्यांचे संघ प्रत्यक्ष खेळावयाचे, त्यांच्या पाठीराख्यांच्या वाट्यास लहानसा हिस्सा येई. हंगामभर पावसात उभा राहिलेला मनुष्य घरी बसे आणि ज्यास दोन्ही संघांशी कर्तव्य नाही असा मनुष्य त्याच्या जागी बसे, ही तक्रार तेव्हापासून पुढे पिढ्यान् पिढ्या ऐकू आली.

बर्नडेन पार्कचे नाव इतिहासात पुन्हा आले ते मात्र हसण्यासारखे नव्हते. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टन व स्टोक यांच्यामधील कपचा सामना पाहण्यास सुमारे ८५,००० लोक लोटले. युद्ध नुकतेच संपले होते, लोक खेळास भुकेले होते, आणि स्टोककडून स्टॅन्ली मॅथ्यूज खेळावयाचा होता. मैदानाचा एक भाग युद्धकाळापासून सरकारी सामानाच्या कोठारासाठी अडकलेला, त्यामुळे त्या बाजूची फाटके बंद. फाटके मिटल्यावरही शेजारच्या रेल्वेमार्गावरून लोक कुंपण ओलांडून आत आले. दाटीत लोखंडी कठडे मोडले आणि ३३ माणसे चिरडून मेली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे मैदान माणसांवाचून ओस पडले होते, तेच माणसांच्या भाराने स्मशान झाले! दोन्ही प्रसंग परस्परविरुद्ध दिसतात, पण मूळ एकच: किती माणसे येतील, कोठून येतील आणि कोणत्या वाटेने आत जातील, याचा हिशेब करणे हे आपले काम आहे असे कोणासच वाटले नाही. चौकशी झाली, मैदानांवर निर्बंध घालण्याची शिफारसही झाली. पण तसा कायदा होण्यास १९७५ साल उजाडावे लागले, आणि तेही १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ६६ जणांचा बळी गेल्यानंतर.

यानंतरच्या काळात पाहुण्याकडे पाहण्याची दृष्टी अधिकच कठोर झाली. तीस कारण नव्हते असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. सातव्या व आठव्या दशकांत परगावी जाणाऱ्या टोळक्यांनी गाड्यांची मोडतोड केली, मारामाऱ्या केल्या. मार्च १९८५ मध्ये मिलवॉलच्या अनुयायांनी ल्यूटनच्या मैदानावर एवढा धुमाकूळ घातला की, १९८६ पासून चार हंगाम ल्यूटन क्लबाने परगावच्या प्रेक्षकांस दारच बंद केले. पण दंगेखोर मूठभर व प्रवासी हजारो, हा विवेक सुटला की शिक्षा सरसकट होते. प्रवासी स्थानकावर उतरताच पोलिसांच्या वेढ्यात चालावे, मैदानात उंच जाळ्यांच्या पिंजऱ्यात उभे राहावे, ही नित्याची रीत झाली. व्यवस्था या शब्दाचा अर्थ सोय असा न राहता बंदोबस्त असा झाला.

या अर्थपालटाचे फळ १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर मिळाले. लिव्हरपूल व नॉटिंगम फॉरेस्ट या दोन्ही संघांस हे गाव परके होते. म्हणजे त्या दिवशी सगळेच प्रेक्षक पाहुणे. लिव्हरपूलचे अनुयायी संख्येने अधिक असताही, दोन्ही बाजूंच्या लोकांचे मार्ग एकमेकांस मिळू नयेत म्हणून त्यांस मैदानाची लहान बाजू व कमी तिकिटे देण्यात आली. क्लबाने हरकत घेतली. ती मानली गेली नाही. उभे राहून पाहणाऱ्या १०,१०० लोकांनी फिरत्या दांड्यांच्या अवघ्या सात अरुंद फाटकांतून आत जावयाचे होते. बाहेर कोंडी झाली, पोलिसांनी मोठा दरवाजा उघडला, आणि लोंढा आधीच भरलेल्या पिंजऱ्यांत गेला. या दुर्घटनेत ९७ जीव गेले. त्यांपैकी शेवटचा २०२१ साली, त्याच दिवशी झालेल्या इजांमुळे. याहून दुःखद हे की, मेलेल्यांच्या माथी दारूबाजीचा व दांडगाईचा दोष मारण्यात आला, आणि तो पुसण्यास २०१२ चा स्वतंत्र मंडळाचा अहवाल व २०१६ चा पंचांचा निर्णय यावे लागले. प्रेक्षक निर्दोष होते, हे सांगण्यास सत्तावीस वर्षे लागली!

न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर वरच्या दर्जाच्या मैदानांत प्रत्येकास खुर्ची मिळाली व पिंजरे गेले. याबद्दल कृतज्ञ असले पाहिजे. परंतु १९९२ साली प्रीमियर लीग निघाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि पाहुण्याची परवड नव्या वेषात पुढे आली. शनिवारी दुपारी तीनची ठरलेली वेळ मोडून सामने रविवारी, सोमवारी रात्री, प्रक्षेपणाच्या सोयीने होऊ लागले. न्यूकॅसलच्या मनुष्याने लंडनमधील रात्री आठचा सामना पाहून घरी कोणत्या गाडीने जावे, हा विचार घरी बसलेल्या प्रेक्षकासाठी वेळ ठरविणाऱ्यांनी करावयाचा नसतो. दरही चढले. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावरील तिकिटास ६२ पौंड पडत असल्यामुळे मँचेस्टर सिटीच्या वाट्याच्या सुमारे ३,००० तिकिटांपैकी ९१२ परत गेली. पाठीराख्यांच्या संघटनांनी चळवळ चालविली, आणि २०१६–१७ च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांच्या तिकिटास ३० पौंडांची मर्यादा पडली. संघटित होऊन मागितल्यावाचून या वर्गास काहीही मिळालेले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणि तरीही १९०१ चा धडा पुरा शिकला गेला नाही. १६ एप्रिल २०२२ रोजी, ईस्टरच्या सुटीत, कपचा उपान्त्य सामना लिव्हरपूल व मँचेस्टर सिटी यांच्यात पडला. दोन्ही शहरे वायव्य इंग्लंडातील, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पण सामना मात्र दोनशे मैलांवर वेंब्लीस. त्याच दिवसांत रुळांच्या दुरुस्तीमुळे या दोन्ही शहरांतून लंडनला थेट गाडी नव्हती. दोन्हीकडच्या महापौरांनी स्थळ बदलण्याची विनंती केली. ती अमान्य झाली. फुटबॉल संघटनेने पाच हजार माणसांसाठी शंभर मोफत बसगाड्या दिल्या. मैदान नव्वद हजारांचे. स्थानकाच्या कामामुळे अडलेला १९०१ चा प्रवासी व रुळांच्या कामामुळे अडलेला २०२२ चा प्रवासी यांची भेट झाली असती, तर एकमेकांची हकीकत समजण्यास त्यांना फार वेळ लागला नसता.

यावर कोणी म्हणेल, खेळ पाहणे ही हौस आहे. हौसेस मोल असतेच, आणि कोणी कोणास परगावी जाण्याचा आग्रह केलेला नाही. रूळ दुरुस्त व्हावयासच हवेत, हेही खरे. परंतु ज्या गर्दीच्या गर्जनेवर या खेळाचा व्यापार उभा आहे, तीस निव्वळ हौशी म्हणून झटकून टाकणे न्याय्य नव्हे. महामारीच्या काळात, जून २०२० पासून, इंग्लंडात सामने रिकाम्या मैदानांवर झाले, तेव्हा प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित जल्लोष मिसळावा लागला! जो आवाज यंत्रातून आणावा लागतो त्याची किंमत त्या वेळी कळली असेल, तर तो आवाज काढणाऱ्या मनुष्यास घरी नेणारी गाडी आहे की नाही हे वेळ ठरविण्यापूर्वी पाहणे, इतकीच ही अपेक्षा आहे. यजमानपणाची खूण उदारतेत नसते, पाहुणा सुखरूप घरी पोहोचला की नाही या काळजीत असते. बोल्टनच्या ओस पडलेल्या कट्ट्यांपासून हिल्सबरोच्या पिंजऱ्यांपर्यंत जे जे घडले, ते ही काळजी कोणाचीच नसल्यामुळे घडले.