घरच्या बिअरची स्पर्धा : अमेरिकेत पदक, आपल्याकडं गुन्हा

कोडोली-वारणा पट्ट्यात 'घरी काढलेली' म्हटलं, की डोळ्यासमोर येतं ते हातभट्टीचं गूळ-नवसागराचं रसायन आणि मागोमाग पडणारी धाड. अमेरिकेत मात्र घरी केलेल्या बिअरची देशपातळीवरची स्पर्धा १९७९ पासून भरते. तिचं नाव 'नॅशनल होमब्रू कॉम्पिटिशन'.

तिथंही हे सहज झालेलं नाही. १९२० ची दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, पण घरगुती बिअर बेकायदाच राहिली. तरी हौशी लोक करायचे ते करतच होते. लॉस एंजेलिसचा 'माल्टोज फाल्कन्स' हा क्लब १९७४ मध्ये, म्हणजे बंदी असतानाच सुरू झाला. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरच्या बिअरला केंद्राची परवानगी मिळाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विक्रीला मात्र मनाई. राज्यांचे कायदे वेगळे असल्यानं अलाबामा आणि मिसिसिपीत ही सूट यायला २०१३ उजाडलं.

कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात चार्ली पापाझियन नावाचे शाळामास्तर संध्याकाळी बिअर करायचे वर्ग घेत. शिक्षण अणुअभियांत्रिकीचं, नाद बिअरचा! त्यांनी आणि चार्ली मॅटझेन यांनी डिसेंबर १९७८ मध्ये हौशींची संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी स्पर्धा भरवली.

स्पर्धेची खरी गंमत परीक्षणात आहे. बाटलीवर नाव नाही, लेबल नाही. कुणाची बिअर आहे हे परीक्षकाला कळत नाही. एकूण गुण ५०. त्यात वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकंदर मताला १०. हरलेल्यालाही लेखी शेरा मिळतो. आंबवताना उष्णता जास्त झाली का, भांडं नीट धुतलं नव्हतं का, हे त्यातून समजतं. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात रंग, कणी, चव बघूनच दर पडतो. पण दर का पडला हे शेतकऱ्याला कागदावर कोण लिहून देतं?

याच मंडळींतून १९८२ मध्ये बोल्डरलाच 'ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल' उभा राहिला. पहिल्या वर्षी २२ कारखाने आणि सुमारे ८०० लोक. दोन वर्षांनी तो डेन्व्हरला गेला. तिथं ग्लासभर कुणी देत नाही, एका वेळी औंसभर, म्हणजे जेमतेम ३० मिलिलिटर मिळते. घरच्या हौशीतून कारखानदार झालेलेही बरेच. 'सिएरा नेवाडा'चे केन ग्रॉसमन त्यातलेच.

आता आपल्याकडचं. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार विनापरवाना मद्य बनवणं हा गुन्हा आहे. 'घरापुरती केली, विकली नाही' हा बचाव इथं चालत नाही. स्पर्धा तर लांबच. हौस असेल तर वाट परवान्याची : पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी त्याच मार्गानं सुरू झाली. पण परवाना, यंत्रं, जागा हे सगळं खेड्यातल्या हौशी माणसाच्या खिशाबाहेरचं आहे, हेही खरं.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेले जव आणि हॉप्सची फुलं उकळून, यीस्टनं आंबवलेलं पेय. बहुतेक बिअरमध्ये अल्कोहोल चार ते सहा टक्के. ती भट्टीवर गाळत नाहीत. हातभट्टी गाळलेली असते आणि विकणारे तिच्या नावाखाली काय खपवतील याचा नेम नसतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित दारूनं शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. असली दारू पिऊन कुणाला अंधूक दिसायला लागलं, पोटात दुखून उलट्या झाल्या, तर झोपून उतरेल म्हणून थांबू नये. तडक दवाखाना गाठावा आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना खरं सांगावं.