हसरा बुद्ध आणि खेतोलाई

१८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुचाचणीला ‘हसरा बुद्ध’ हे नाव चिकटले. ११ मे १९९८ चे स्फोट तर बुद्धपौर्णिमेलाच झाले. १९५६ च्या धम्मदीक्षेचे वारस म्हणून आम्हांला हे बोचते. पण त्याहून अधिक बोचते ते खेतोलाई. चाचणीस्थळाजवळच्या या गावात १९९८ साली घरांना तडे गेले. पुढे गावकरी कर्करोगाची भीती बोलून दाखवीत राहिले आणि शासन ती नाकारीत राहिले. या दोहोंत खरे काय, हे ठरवायचे तर विहिरीच्या पाण्यातील किरणोत्साराचे मोजमाप गावाला स्वतः वाचता यायला हवे.

हे शिक्षण नसले की काय होते, ते मार्शल बेटांवर दिसले. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेच्या ‘ब्राव्हो’ स्फोटाची पांढरी राख राँगेलॅपवर पडली. मुले तिच्याशी खेळली. ती काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. १९५७ साली ‘आता धोका नाही’ म्हणून लोकांना परत नेले गेले; १९८५ साली त्यांनी आपणहून बेट सोडले. स्फोट करणाऱ्यानेच शिकवायचे म्हटले की असे घडते.

म्हणून पैसा वेगळ्या हातून यावा. २०२१ साली अमलात आलेल्या अण्वस्त्रबंदी कराराच्या सहाव्या कलमात पीडितांना साहाय्य देण्याचे बंधन आहे. भारत मात्र त्या कराराबाहेर आहे. येथे खोर फक्कानमध्ये आम्ही वर्गणी काढावी, तर अमिरातीत परवान्याशिवाय तेही चालत नाही. बेकरेल म्हणजे काय, सिव्हर्ट म्हणजे काय, हे सांगणारी सोप्या हिंदीतील पुस्तिका मात्र आम्ही लिहू शकतो. ती भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी तपासावी, छपाईचा खर्च भारतातील एखाद्या नोंदणीकृत संस्थेने उचलावा. मसुदा येत्या बुद्धपौर्णिमेपर्यंत व्हावा.