अस्सल आवाज कुणाचा?

अब्बांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आहे. लग्नसमारंभात, उर्साच्या कव्वालीत तो भाड्याने जायचा. अब्बांच्या इंतकालानंतर त्यांच्या पेटीत मला ईसीसी ८३ जातीचे दोन व्हॉल्व्ह सापडले. एक इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीचा, दुसरा बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. मी मुलार्ड बसवला, एक गझल लावली आणि घरात जाहीर केले, "हाच अब्बांच्या वेळचा अस्सल आवाज!" देशी व्हॉल्व्ह पुन्हा पेटीत गेला.

हा 'अस्सल आवाज' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न जुना आहे. १९०४ मध्ये लंडनला जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह बनवला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा भाग घातला, तारेची जाळी. तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन निघतात आणि पलीकडच्या पत्र्याकडे धावतात. मधल्या जाळीवर आवाजाचा क्षीण विद्युतसंदेश आला की तो या प्रवाहाला कमीजास्त करतो. म्हणजे बाहेर पडणारी ताकद विजेच्या पुरवठ्याची असते, आवाज फक्त तिला वळण देतो.

हिंदुस्थानात मशिदींपर्यंत लाऊडस्पीकर पोहोचला तेव्हा उलेमांपुढे हाच पेच होता. यातून येतो तो इमामाचा स्वतःचा आवाज की त्याची नक्कल? नक्कल असेल तर तिच्यामागे नमाज कशी होणार? देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी या यंत्राच्या शरई हुकुमांवर उर्दूत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आज काही लोक या वादाला हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. यंत्र आत काय करते, हे आधी समजून घ्यावे आणि मग बोलावे, एवढी शिस्त त्या प्रश्नातच होती. माझ्यात ती नव्हती.

शौकीन लोक सांगतात की मुलार्डचा आवाज उबदार, जर्मनीच्या टेलिफंकनचा स्वच्छ आणि मोकळा. यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. प्रत्येक व्हॉल्व्ह मूळ आवाजात स्वतःचे थोडे मिसळतो. साध्या ट्रायोड व्हॉल्व्हमधून मुख्यतः मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर मिसळतो. म्हणून ती भेसळ कानाला गोड वाटते. पण एकाच जातीच्या दोन चांगल्या व्हॉल्व्हमधला फरक फार बारीक असतो. झिजलेला व्हॉल्व्ह जरा हळू वाजतो, आणि जे किंचित मोठ्याने वाजते तेच आपल्या कानाला चांगले वाटते.

गेल्या सुट्टीत भाच्याने मला आव्हान दिले. "मामू, पाठ करून बसा. मी व्हॉल्व्ह बदलतो, तुम्ही ओळखा." प्रत्येक वेळी वीज बंद करायची, व्हॉल्व्ह गार होऊ द्यायचा, बदलायचा, पुन्हा तापू द्यायचा. आवाजाची पातळी त्याने दरवेळी मीटर लावून सारखी केली. दहा वेळा तीच गझल ऐकली. सहा वेळा मी बरोबर ओळखले. नाणे उडवले असते तरी पाचेक बरोबर आलेच असते.

मी खजील झालो. तेवढ्यात आपा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अरे, तो विलायती व्हॉल्व्ह अब्बांनी जपून ठेवला होता. तू लहान होतास तेव्हा यात बंगळूरचाच होता. मी स्वतः अब्बांबरोबर जाऊन आणला होता."

म्हणजे ज्या आवाजाची याद मी इतकी वर्षे उराशी बाळगली, तो देशी व्हॉल्व्हचा होता, आणि त्यालाच मी कमअस्सल ठरवून पेटीत टाकले होते. विलायती शिक्का पाहिला आणि माझ्या कानांनी त्याप्रमाणे साक्ष दिली.

मी वर्गात मुलांना सांगतो की ऐकीव गोष्ट तपासून घ्या. स्वतःची आठवणही एक ऐकीव गोष्टच असते, हे मात्र मी कधी सांगितले नव्हते. आपल्या मोहल्ल्याचा, घराण्याचा, कौमचा इतिहास आपण बहुतेक आठवणींवरच सांगतो, आणि तिथे तर पाठ करून बसवणारा भाचाही नसतो.

आता अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बंगळूरचा व्हॉल्व्ह आहे. आवाज छान येतो. मुलार्डपेक्षा चांगला की वाईट, ते मात्र मला विचारू नका.