ठाणे खाडी आणि सार्वजनिक आरोग्य
समुद्र माणसाला अन्न पुरवितो. त्याचप्रमाणे पाण्यात सोडलेली घातक द्रव्येही अन्नाच्याच मार्गाने त्याच्याकडे परत आणतो. ह्या दुहेरी संबंधाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे ठाणे खाडी होय. मुंबई व नवी मुंबई यांच्या दरम्यानच्या ह्या खाडीची लांबी सुमारे २६ किमी. असून तिच्या पूर्व काठावरील दिवाळे, सारसोळे, वाशी इ. गावांतील आगरी व कोळी लोकांचा चरितार्थ पूर्वापार भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर चालत असे.

१९६० नंतर ठाणे–बेलापूर पट्ट्यात रसायनांचे अनेक कारखाने निघाले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व पुढे नवे शहर वसत गेले. कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी खाडीत मिसळू लागले. खाडी उत्तरेकडे चिंचोळी असल्याने तेथील पाणी भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे हेलकावते, लवकर समुद्रात जात नाही. त्यातील पुष्कळशी द्रव्ये गाळात साठतात.

दाहक सोडा बनविण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरीत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ह्या खाडीतील पाऱ्यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाळातील सूक्ष्मजंतू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात व तो लहान माशांतून मोठ्या माशांत अधिकाधिक साठत जातो. मिथिल पारा मज्जासंस्थेस व गर्भास घातक असतो, हे जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या रोगाने सिद्ध झाले. शिंपल्या पाणी गाळून अन्न मिळवितात. त्यामुळे मैल्यातील रोगजंतूही त्यांच्यात साठतात. रोज खाडीतील मासळी खाणाऱ्या कुटुंबांना हा धोका सर्वाधिक संभवतो.

जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ मध्ये झाला. नवी मुंबई महानगरपालिकेने (स्था. १९९२) मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारली. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा लाभला. तथापि रोहित पक्ष्यांचे थवे हे शुद्ध पाण्याचे गमक मानता येत नाही. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर शैवले वाढतात आणि तीच ह्या पक्ष्यांचे खाद्य होत. शिवाय सांडपाणी थांबले, तरी गाळातील जड धातू नष्ट होत नाहीत. गाळ ढवळला गेल्यास ते पुन्हा पाण्यात येऊ शकतात. म्हणून पाण्याइतकीच गाळाची व मासळीची नियमित तपासणी सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक ठरते.