शाई, कातडे आणि न जाणारा डाग : धाराशिवच्या माळरानावरचा एक इतिहास

१/
चामड्याच्या खुर्चीवर किंवा सोफ्यावर शाई सांडली, तर डाग काढायचा कसा? प्रश्न घरगुती आहे. पण शाई कोणती आणि कातडे कसे कमावलेले, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. या दोन गोष्टींचा माग काढत गेले, की वाट धाराशिव जिल्ह्याच्या माळरानावरून जाते. नळदुर्गची कचेरी, सीमेपलीकडचे कल्याण आणि कसबे तडवळ्याची एक परिषद, ही या वाटेवरची ठिकाणे आहेत.

२/
आधी शाई. मराठी मुलुखातली जुनी शाई म्हणजे काजळी. दिव्याची काजळी धरायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती दीर्घकाळ खलायची आणि बोरूने लिहायचे. ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकून ती टिपून घेत. लेखन हे किती काटेकोर काम मानले जाई, याचा पुरावा दासबोधात आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास संपूर्णपणे लेखनक्रियेवर आहे.

३/
काजळीची शाई पृष्ठभागावर बसते. कागदाशी तिचा रासायनिक संयोग होत नाही. म्हणून उन्हाने ती फिकी पडत नाही, शतके लोटली तरी काळीच राहते. पण पाणी लागले की डिंक विरघळतो आणि अक्षर वाहून जाते. मोडी कागदपत्रांचा मोठा शत्रू ओल आहे, तो यामुळेच. हीच शाई कातड्यावर पडली, तर ताजी असताना ओल्या फडक्याने बरीचशी उचलली जाते.

४/
मग पोथीत चूक झाली तर? तिथे पुसण्याऐवजी झाकण्याची रीत होती. हरताळ हे गंधक आणि सोमल यांचे पिवळे खनिज. त्याची पूड डिंकात कालवून चुकलेल्या अक्षरावर लेप देत. पिवळसर कागदात तो मिसळून जाई आणि त्यावर पुन्हा लिहिता येई. 'नियमाला हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार लेखनिकाच्या याच चौरंगावरून आलेला आहे.

५/
दुसरी शाई वेगळ्या जातीची. हिराकस म्हणजे लोहाचा हिरवट क्षार आणि माजूफळ किंवा हिरडा म्हणजे तुरटपणाचा साठा. ही दोन्ही पाण्यात एकत्र आली, की तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग होतो. लिहिताना अक्षर फिके दिसते; हवा लागताच काळे होत जाते. काळेपणा कागदाच्या तंतूंतच तयार होत असल्याने ही शाई धुऊन जात नाही. पूर्वी स्त्रिया दात काळे करण्यासाठी दातवण लावीत, त्यामागेही हेच रसायन होते.

६/
युरोपात मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत कायदेशीर दस्तऐवजांची शाई प्रामुख्याने हीच होती. धाराशिवच्या परिसरात तिची कचेरी थेट येऊन बसली ती १८५३ मध्ये. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून आले फिलिप मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीचे लेखक ते हेच. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. त्या सात वर्षांत मोजणी, सारा आणि न्यायनिवाड्याचे इंग्रजी दप्तर या भागात उभे राहिले.

७/
एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. उंची मेजांच्या माथ्यावर कातडे बसवलेले असे, जाड वह्यांची बांधणी कातड्याची असे आणि शेजारी उघडी दौत. डाग पडणे अटळच. आणि तो डाग इतका हट्टी का, हे समजण्यासाठी कातडे कसे तयार होते ते पाहावे लागते.

८/
कच्चे कातडे दोन दिवसांत कुजते. ते टिकवण्यासाठी त्यातल्या तंतूंना तुरट द्रव्याने बांधून घ्यावे लागते. यालाच कमावणे म्हणतात. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, मांस खरवडायचे आणि मग सालीच्या काढ्यात ते दिवसेंदिवस मुरवायचे. साल बाभळीची, फळ हिरड्याचे आणि दख्खनच्या कोरड्या माळावर हमखास मिळणारा तरवड. पिवळ्या फुलांचे हे झुडूप बालाघाटच्या उतारांवर आजही दिसते. त्याची साल कातडे कमावण्यासाठी दक्षिण भारतभर वापरली जात होती.

९/
इथे दोन्ही धागे एकत्र येतात. लोह आणि तुरट द्रव्य मिळून काळी शाई होते. सालीने कमावलेल्या कातड्यात तुरट द्रव्य आधीच ठासून भरलेले असते. म्हणजे असे कातडे ही अर्धी तयार शाईच असते. तिला फक्त लोहाची वाट असते. दौत सांडली, की शाईतले लोह कातड्यातल्या तुरटाशीही जोडले जाते. त्यामुळे वरचा रंग पुसला तरी आतला काळेपणा राहतो.

१०/
चर्मकारांना ही गोष्ट व्यवहारातून ठाऊक होती. जुन्या लोखंडाचे तुकडे आंबट किंवा आंबवलेल्या पाण्यात मुरवायचे आणि ते पाणी कमावलेल्या कातड्यावर फिरवायचे. वेगळा रंग न लावता कातडे काळे होते. ही रीत जगात अनेक ठिकाणी होती. आणि शेतकऱ्याने ती विहिरीवर पाहिलेली होती. मोटेचे ओले कातडे जिथे लोखंडी कड्याला घासे, तिथे काळे डाग पडत. नळदुर्गच्या मेजावरचा डाग आणि मोटेवरचा डाग रसायनाच्या दृष्टीने सख्खे भाऊ होते.

११/
असा डाग निघतो का? काही प्रमाणात निघतो. लोहाला तुरटापासून सोडवून स्वतःकडे ओढणारे आम्ल लागते. युरोपात त्यासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार वापरले जात. हे आम्ल चुका आणि आंबुटीच्या पानांत असते. मराठवाड्यात हरभऱ्याच्या शेतावर रात्री फडके पसरून पहाटे जी आंब गोळा करतात, तिच्यातही ते मॅलिक आम्लासोबत आढळते. लिंबाचा रस हा त्याचा सौम्य भाऊबंद. मात्र किंमत मोजावी लागते. आम्ल कातड्याचे तंतू कमजोर करते आणि डागाच्या जागी फिकट चट्टा उरतो. शुद्ध ऑक्झॅलिक आम्ल विषारी असल्याने ते घरी हाताळू नये.

१२/
आता या कथेतली माणसे. काजळीची शाई कुलकर्ण्याच्या दप्तरात होती आणि तिला मान होता. कातड्याचे काम मात्र अनेक हातांतून जाई. मेलेले जनावर ओढून नेण्याची सक्ती महारांवर, कातडे कमावण्याचे काम ढोरांकडे, वहाणा आणि मोट शिवण्याचे काम चांभारांकडे. मोटेशिवाय बागाईत नव्हते, आसुडाशिवाय औत नव्हते, तरी हे हात गावकुसाबाहेर ठेवले गेले.

१३/
विसंगती तुळजापुरात अधिक ठळक दिसते. गोंधळात वाजणाऱ्या संबळाच्या तोंडावर कातडेच ताणलेले असते. ते वाद्य देवीच्या दारात मंगल मानले गेले. ते कातडे ज्यांच्या श्रमाने तयार झाले, त्यांना मात्र अस्पृश्य ठरवून देवळांची दारे बंद ठेवणारी व्यवस्था देशभर होती. वस्तूला लागलेला विटाळ समाजाने सोयीने धुतला. माणसाला लावलेला तसाच ठेवला.

१४/
या व्यवस्थेला पहिला मोठा हादरा बसला तो उमरगा तालुक्याच्या शेजारी, आजच्या बसवकल्याणमध्ये. बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुभवमंटपात कातडे कमावणारे कक्कय्या आणि पादत्राणे शिवणारे हरळय्या शरण म्हणून बसले. परंपरा सांगते, की हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला आणि त्याची शिक्षा म्हणून दोन्ही पित्यांना राजा बिज्जळाने ठार करवले. त्यानंतर कल्याणात उठाव झाला आणि शरण विखुरले. ढोर समाज आजही कक्कय्यांचे नाव अभिमानाने लावतो. कक्कय्यांच्या नावावरची कन्नड वचने उपलब्ध आहेत. कातड्याच्या कुंडात बुडालेला हात शाईतही बुडाला होता, याची ती साक्ष.

१५/
आठ शतकांनंतर हाच प्रश्न राजकीय भाषेत उभा राहिला. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते धाराशिवजवळच्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. धाराशिवचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. वतन म्हणजे पिढीजात सेवेच्या बदल्यात मिळणारा जमिनीचा तुकडा आणि बलुते. त्याच दोरीने माणूस गावच्या हलक्या ठरवलेल्या कामांना बांधला जाई. डाग हाताला नव्हता, तो वतनाच्या कागदावर शाईने लिहिलेला होता, हे त्या चळवळीने ओळखले.

१६/
तंत्रही बदलत होते. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोम कमावणीचे प्रयोग केले. पाण्यात टिकणारी मोट हा त्यामागचा एक हेतू होता. पुढे ऑइल इंजिन आणि विजेचा पंप आला आणि मोटच उरली नाही. तरवड माळावर राहिला, त्याची साल मागणारे कमी झाले. जुनी सालीची कमावणी आज कोल्हापुरी चपलेत टिकून आहे. २०१९ मध्ये त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात धाराशिवला लागून असलेला सोलापूर जिल्हाही आहे.

१७/
शाईही बदलली. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग शोधला आणि पुढे रंगीत शायांचा बाजार उभा राहिला. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. तोच उद्योग पुढे कॅम्लिन झाला. १९३८ मध्ये लास्लो बिरो यांनी बॉलपेनचे पेटंट घेतले. बॉलपेनची शाई तेलकट द्रावकात मिसळलेला रंग असते. तिच्यात लोह नसल्याने आम्लाचा तिच्यावर उपयोग नाही.

१८/
म्हणून आजच्या सोफ्याचे उत्तर वेगळे आहे. ते कातडे बहुधा क्रोमने कमावलेले असते आणि वर रंगाचा पातळ थर असतो. डाग ताजा असेल, तर घासू नये. कोरड्या फडक्याने टिपावा. मग सौम्य साबणाच्या फेसाने हलके पुसावे. बॉलपेनचा डाग स्पिरिटने विरघळतो, पण सोबत वरचा थरही विरघळू शकतो. म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून पाहावे आणि कापसाच्या बोळ्याने बाहेरून आत टिपत जावे. नंतर कातड्याला तेलकट मलम द्यावे. वरचा थर नसलेल्या उघड्या कातड्यात शाई खोल मुरते; तिथे हात न लावता कारागिराकडे देणे शहाणपणाचे.

१९/
अभिलेखागारात मात्र नियम उलटा आहे. जुन्या वहीच्या कातडी पुठ्ठ्यावर शाईचा डाग असेल, तर तो काढत नाहीत. कुठली शाई, कोणती कमावणी, वही कुणाच्या हाताखाली उघडली जात होती, हे त्या डागावरूनच वाचता येते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. जुन्या दप्तरात ज्यांची अक्षरे आहेत त्यांची नावे सापडतात. ज्या हातांनी त्या दप्तराचे कातडे तरवडाच्या काढ्यात मुरवले, त्यांची नावे तिथे नाहीत. पुढच्या वेळी एखादी जुनी वही हाती आली, तर मजकुराआधी तिचा पुठ्ठाही उलटून पाहावा.